गाळताना काय हरवते?

संगणकाच्या कोणत्याही आज्ञावलीबरोबर माहितीपुस्तिका लागते. परंतु वापरणाऱ्याला येणाऱ्या सर्व अडचणी लेखकाला आधी कशा कळणार? म्हणून पीएचपी या संगणक-भाषेच्या इंटरनेटवरील पुस्तिकेत पानाखाली वाचकांना टिपा लिहिण्याची सोय केली गेली.

दार उघडे ठेवले की कचराही आत येतो. १९७८ साली डीईसी या कंपनीच्या विपणन विभागातील एकाने अर्पानेट या संगणक-जाळ्यावर शेकडो लोकांना एकाच वेळी जाहिरात पाठवली. अशा नकोशा मजकुराला पुढे 'स्पॅम' हे नाव पडले.

पण टिपांमध्ये जाहिराती कशासाठी? १९९८ साली मांडल्या गेलेल्या गूगलच्या पेजरँक पद्धतीत, एखाद्या पानाकडे नेणारे दुवे त्या पानाचे महत्त्व वाढवत. म्हणून लोक दिसेल तेथे दुवे पेरू लागले. असे दुवे हिशेबात धरू नयेत, यासाठी २००५ मध्ये 'नोफॉलो' ही खूण आली. तरीही कचरा थांबला नाही.

मग चाळणी हवी. तिच्यामागचे गणित थॉमस बेझ यांचे. त्यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ मध्ये प्रसिद्ध झाला. समजा, ५० चांगल्या आणि ५० कचरा टिपा आपण तपासल्या. 'फुकट' हा शब्द २० कचरा टिपांत व २ चांगल्या टिपांत आढळला. म्हणजे तो शब्द असलेल्या २२ टिपांपैकी २०, सुमारे ९१ टक्के, कचरा. असे अनेक शब्दांचे पुरावे एकत्र करून निर्णय घेता येतो.

चाळणीच्या चुका मात्र दोन प्रकारच्या असतात. कचरा आत राहिला तर तो नंतर काढता येतो. चांगली टीप फेकली गेली तर ती हरवल्याचे कुणाला कळतही नाही. पॉल ग्रॅहॅम यांनी २००२ मध्ये ई-पत्रांसाठी अशी चाळणी सुचवताना चांगल्या पत्रांतील शब्दांची संख्या मुद्दाम दुप्पट धरली. आपल्या उदाहरणात २ ऐवजी ४ धरल्यास संशय ८३ टक्क्यांवर येतो.

पीएचपीच्या टिपांवर माणसांचीही नजर असते. संपादक निरुपयोगी टिपा काढतात. उपयुक्त टिपेतील माहिती कधी मूळ पुस्तिकेतच घेतली जाते.

वर्गात हाच हिशेब एखाद्या रोगाच्या चाचणीसाठी करून पाहावा. तेथे कोणती चूक अधिक महाग, हे विद्यार्थ्यांनाच ठरवू द्यावे.