‘उपयोजित’ मराठीची वंशावळ

माध्यमांसाठी लेखन शिकविणारा विद्यापीठीय अभ्यासक्रम सामान्यतः रोजगाराच्या परिभाषेत समजून घेतला जातो. त्याचा इतिहास कोठून मोजावा, हा प्रश्न मराठीच्या अध्यापनात क्वचितच उपस्थित होतो.

प्रचलित वंशावळ ‘दर्पण’पासून (१८३२) सुरू होते. बाळशास्त्री जांभेकर संपादक होते तसेच अध्यापकही. लेखन व शिक्षण यांची त्यांच्यापाशी फारकत नव्हती. ती विद्यापीठीय रचनेत झाली. पुणे विद्यापीठाची स्थापना १९४९ची; रानडे इन्स्टिट्यूट या नावाने ओळखला जाणारा त्याचा वृत्तपत्रविद्येचा स्वतंत्र विभाग १९६४चा. मराठी विभागाकडे साहित्य राहिले आणि माध्यमलेखन पुढे ‘व्यावहारिक’ वा ‘उपयोजित’ या विशेषणांखाली भाषेच्या वर्गात परतले. या विशेषणांतच एक उतरंड गृहीत आहे : साहित्य मूळ, बातमी वा अहवाल हे त्याचे उपयोजन. शालेय स्तरावरही हीच संज्ञा रूढ झाली. अकरावीच्या ‘युवकभारती’त (२०१९) सूत्रसंचालन, मुद्रितशोधन, अनुवाद यांचा समावेश ‘उपयोजित मराठी’त झाला. अशा मांडणीत लेखनप्रकाराचा आराखडा हाती येतो. तो कोणासाठी, हे मात्र गौण ठरते.

चाकणसारख्या ठिकाणी हे गौणत्व टिकत नाही. खेड तालुक्यातील कांद्याची ही बाजारपेठ गेल्या काही दशकांत वाहनउद्योगाचे केंद्र बनली. शेतकरी, माथाडी, कंत्राटी कामगार, परप्रांतीय मजूर असा वाचक येथे आहे. त्याच्यासाठी लिहिण्याची परंपरा मराठीत नाही, असे मात्र नाही. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेला ‘दीनबंधु’ १८८० पासून मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालविला. लोखंडे यांनी कापडगिरणीत नोकरी केली होती. १८८४ मध्ये त्यांच्या पुढाकाराने भरलेल्या कामगारसभांनी साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती, वेळेवर वेतन आणि अपघाताची भरपाई मागितली. येथे पत्रकारिता हे कारखान्यातून बाहेर पडण्याचे साधन नव्हते. कारखान्यातील अनुभवाला सार्वजनिक भाषा देण्याचे ते कार्य होते.

विद्यार्थ्याला उपजीविका हवी, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु उपजीविकेचे कौशल्य आणि वाचकाचे भान यांत विरोध मानण्याचे कारण नाही. अपघाताची बातमी लिहिताना कंपनीचे निवेदन आणि जखमी कामगाराची साक्ष यांपैकी वाक्याचा कर्ता कोणाला करावयाचा, हा निर्णय व्याकरणाचा तितकाच नीतीचा आहे. ‘दीनबंधु’ या अभ्यासक्रमाच्या वंशावळीत आला, तर ‘उपयोजित’ या शब्दाला केवळ उपयोगाचा नव्हे, उत्तरदायित्वाचाही अर्थ लाभेल.