देवाच्या दारचा कज्जा

आपल्या दिंडीच्या शंभर वर्षांत पंढरीच्या वाटेवर पुष्कळ बदललं, पण एक बदल रस्त्यावर नाही, कागदावर झाला. विठुरायाच्या मंदिराचा कारभार कोणी पाहायचा, हा प्रश्न सरकार आणि कोर्टकचेरीतून जवळजवळ चार तपं फिरला. आम्हां वारकऱ्यांना फक्त निकाल कळला. तो कसा लागला हेही माहीत असावं, म्हणून हा लेख.

पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाकडे बडवे आणि रुक्मिणीमातेकडे उत्पात मंडळींचे वंशपरंपरागत हक्क होते. पूजेअर्चेची कामं सेवाधाऱ्यांत वाटलेली होती. कारभाराबद्दल तक्रारी वाढल्या, तेव्हा सरकारने १९६८ साली बी. डी. नाडकर्णी यांचा आयोग नेमला. १९७० मध्ये आयोगाचा अहवाल आला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी, मंडळी. आयोग म्हणजे कोर्ट नव्हे. तो साक्षी घेतो, दप्तर तपासतो, शिफारस करतो. हुकूम देत नाही. हक्क रद्द करायचे तर विधिमंडळातच कायदा व्हावा लागतो. तसा पंढरपूर मंदिरे कायदा १९७३ मध्ये झाला आणि वंशपरंपरेचे हक्क संपवून कारभार समितीकडे द्यायचं ठरलं.

पण कायदा झाला म्हणजे लगेच अंमल झाला असं नाही. ज्याचा हक्क जातो त्याला कोर्टात दाद मागता येते. बडवे-उत्पातांनी ती मागितली, आणि त्यात वावगं काही नव्हतं. आपल्या शेताचा बांध सरकला तर आपण तरी काय करतो? प्रत्यक्ष मंदिर समितीच्या ताब्यात यायला १९८५ साल उजाडलं. वाद त्यानंतरही चालूच राहिला आणि दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे जानेवारी २०१४ मध्ये त्यांचा दावा फेटाळला गेला. आयोग नेमल्यापासून शेहेचाळीस वर्षं झाली होती. ज्या जुन्या मंडळींनी या बदलाची वाट पाहिली, त्यांतले कितीतरी जण तोवर वैकुंठवासी झाले होते.

या साऱ्याच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत. एक, कायदा देवाला मालमत्तेचा धनी मानतो. पण देव सही करीत नाही, हिशेब लिहीत नाही. म्हणून त्याच्या वतीने कुणीतरी माणूस लागतोच. तो वारसाने आलेला असावा की नेमलेला, एवढाच सवाल होता. दुसरी, राज्यघटना श्रद्धा वेगळी आणि पैशाअडक्याचा कारभार वेगळा धरते. भक्ती कशी करावी हा भक्ताचा प्रश्न. दानपेटीचा हिशेब मात्र सरकारला कायद्याने विचारता येतो.

आता सरकार समितीचे सदस्य नेमतं आणि कार्यकारी अधिकारी रोजचा कारभार पाहतो. मग सगळं आलबेल झालं का? तसं आम्ही म्हणणार नाही. वारशाने आलेल्याला जाब विचारणं कठीण होतं. नेमलेल्याला विचारता येतं, पण विचारणारा हवा. आपण नुसता कळस पाहून हात जोडले आणि गावी परतलो, तर कायदा कपाटातच राहील. दर्शनरांगेत अडचण आली तर समितीकडे लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, तारीख लिहून ठेवावी. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, कागद टिकतो.

आपल्या दिंडीलाही हेच लागू आहे. विश्वस्तांची नोंद, जमाखर्च, सभेचं इतिवृत्त हे सारं वेळच्या वेळी धर्मादाय कार्यालयात आणि दप्तरात असावं. पुढची शंभर वर्षं वीणा जशी खांद्यावरून खांद्यावर जाईल, तसं दप्तरही हातातून हातात जावं. देवाच्या दारचा कज्जा शेहेचाळीस वर्षं चालला; आपल्या दिंडीत तो एक दिवसही येऊ नये.

राम कृष्ण हरी.