सशाच्या पिल्लासाठी वाळलेला चारा: कोणता, किती आणि कसा द्यावा?

घरी पाळण्यासाठी आणलेले सशाचे पिल्लू बहुतेक वेळा दीड-दोन महिन्यांचे असते. नुकतेच आईच्या दुधावरून तुटलेले हे पिल्लू हगवणीने दगावण्याचा धोका याच काळात जास्त असतो. गाजर, कोथिंबीर, पोळी, बिस्किटे यांवर पिल्लू वाढवणे हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. सशाचा मुख्य आहार वाळलेला चारा हाच असून तो हिंगोली जिल्ह्यात घरच्या घरी तयार करता येतो.

वाळलेला चारा का आवश्यक?

- ससा रवंथ करत नाही. चाऱ्यातील तंतू मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला असलेल्या पिशवीत (अंधनाल) कुजतात. तंतू कमी आणि पिष्ट जास्त झाल्यास तेथील उपयुक्त जिवाणूंचा तोल बिघडून हगवण लागते.
- सशाचे दात आयुष्यभर वाढतात. लांब तंतूंचा चारा चावल्याने ते झिजतात.
- ससा स्वतःच्या मऊ लेंड्या खातो, ते नैसर्गिक आहे. त्यापासून त्याला प्रथिने व ब जीवनसत्त्वे मिळतात. त्याला अडवू नये.

कोणता चारा निवडावा?

*लसूणघास:* वाढीच्या वयात प्रथिने व कॅल्शियमची गरज जास्त असते. वाळलेल्या लसूणघासात साधारण १५ ते २० टक्के प्रथिने असतात, म्हणून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लासाठी तो योग्य आहे. मोठ्या सशात मात्र जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडते व मुतखड्याचा धोका वाढतो.

*मारवेल, पवना यांसारखी गवते:* ही आयुष्यभर चालतात. बाजारात मिळणारे टिमोथी गवत थंड प्रदेशातील आहे. ते महाग पडते आणि त्याच्यावाचून अडत नाही.

काय टाळावे?

- कुसळी गवत: कुसळे आल्यावर ती तोंडात, डोळ्यांत व कातडीत रुततात.
- ज्वारीचा कडबा: पक्व कडब्यात प्रथिने फार कमी असतात व ताटे कठीण असतात, त्यामुळे पिल्लाचे त्यावर भागत नाही. कोवळी ज्वारी व कापणीनंतरचे फुटवे तर देऊच नयेत. त्यांत हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा होऊ शकते.
- युरिया प्रक्रिया केलेला चारा: तो गाई-म्हशींसाठी असतो, सशासाठी घातक आहे.
- सोयाबीन, कपाशी किंवा हळदीच्या शेतालगतच्या, तणनाशक वा कीटकनाशक फवारलेल्या बांधावरील गवत.
- गाजरगवत मिसळलेला चारा.

घरी चारा वाळवण्याची पद्धत

१. लसूणघासाची पेरणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करावी. आर.एल.-८८ हा बहुवर्षीय वाण आहे. एक-दोन सशांसाठी परसातील लहान वाफा पुरतो. पहिली कापणी ५५ ते ६० दिवसांनी, पुढील कापण्या २१ ते २५ दिवसांनी येतात.
२. मारवेल फुलोऱ्याच्या सुरुवातीला, पाऊस उघडल्यावर कापावे. उशीर केल्यास काड्या निबर होतात.
३. चारा पातळ पसरून एक दिवस उन्हात व नंतर सावलीत वाळवावा. लसूणघास कापडावर पसरावा. गळणारी पाने हाच त्यातील सर्वांत पौष्टिक भाग असतो.
४. काडी वाकवल्यावर कट्‌कन मोडली की चारा तयार झाला. ओलावा १५ टक्क्यांपेक्षा कमी हवा. चार किलो हिरव्या लसूणघासापासून जेमतेम एक किलो वाळलेला चारा मिळतो.
५. चारा गोणपाटात, जमिनीपासून उंच ठेवावा. प्लॅस्टिकमध्ये बांधू नये. कुबट वास येणारा किंवा बुरशी लागलेला चारा झटकूनही देऊ नये.

वयानुसार आहार

- ३ ते ७ आठवडे: आईच्या दुधासोबत मऊ वाळलेला चारा समोर ठेवावा. पिल्लू शक्यतो ६ ते ८ आठवड्यांपूर्वी आईपासून तोडू नये.
- २ ते ५ महिने: लसूणघास व गवत निम्मे-निम्मे, दिवस-रात्र उपलब्ध. सशाच्या अंगाएवढा ढीग रोज ताजा घालावा. गोळी खाद्य दिल्यास ते मोजकेच असावे.
- ५ ते ७ महिने: लसूणघास हळूहळू कमी करून बंद करावा.

कोणताही बदल ७ ते १० दिवसांत थोडा थोडा करावा. नवीन पिल्लाला पहिले काही दिवस पूर्वीचाच आहार द्यावा. चारा कोरडा असल्याने स्वच्छ पाणी कायम हवे. उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो तेव्हा पिंजरा सावलीत, हवेशीर जागी ठेवावा. उष्णतेने ससा खाणे सोडतो.

धोक्याची लक्षणे

लेंड्या गोल, कोरड्या व एकसारख्या असाव्यात. पातळ विष्ठा, फुगलेले पोट किंवा अर्धा दिवस काहीच न खाणे दिसल्यास वाट न पाहता पशुवैद्यकाला दाखवावे. माणसांची प्रतिजैविके मनाने देऊ नयेत. अमॉक्सिसिलिनसारखे औषध तोंडावाटे दिल्यास ससा मरू शकतो.

महत्त्वाचे: शेतात गवत कापताना सापडलेले रानसशाचे पिल्लू घरी आणू नये. रानससा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षित आहे. आई दिवसा दूर असते व फक्त पाजण्यापुरती पिल्लाकडे येते. त्यामुळे पिल्लू तेथेच राहू देऊन तेवढा भाग कापायचा सोडावा.