लाहौलमधील आरोग्यसेवेची हिवाळ्यापूर्वीची तयारी
हिमाचल प्रदेशातील लाहौल खोरे पूर्वी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाल्यावर सुमारे सहा महिने उर्वरित देशापासून तुटत असे. त्यामुळे औषधे व इंधन हिमवृष्टीपूर्वीच केलाँग येथे पोहोचवावे लागे. अत्यवस्थ रुग्णांना हेलिकॉप्टरचाच आधार उरे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीच्या अटल बोगद्याचे उद्घाटन झाले आणि मनालीशी दळणवळण सुकर झाले. तथापि जोरदार हिमवृष्टी वा हिमस्खलन झाल्यास खोऱ्यातील गावांचे रस्ते आजही बंद पडतात. म्हणूनच आरोग्य केंद्रांत औषधे, प्राणवायू व उष्णतेची सोय आधीच करणे आवश्यक असते. प्रसूतीचे दिवस जवळ आलेल्या महिलांची नोंद ठेवून त्यांना वेळीच रुग्णालयाजवळ हलवणे, ही या तयारीतील सर्वांत मोठी जबाबदारी होय.