ह्युएनत्संगाची साक्ष

महाराष्ट्रीयांच्या स्वभावाविषयीं अभिमानानें बोलण्याचा प्रसंग आला म्हणजे आपले व्याख्याते ह्युएनत्संगाला साक्षीस बोलावतात. उंच बांध्याचे, मानी, उपकार न विसरणारे, अपकाराचा सूड घेणारे, पण शरणागतास जीवदान देणारे, असें आपल्या पूर्वजांचें वर्णन या चिनी यात्रेकरूनें केलें आहे खरें. सन ६४१ च्या सुमारास तो पुलकेशीच्या राज्यांत आला होता, आणि ६४६ मध्यें त्याचा प्रवासग्रंथ सिद्ध झाला. रणांत उतरण्यापूर्वीं येथील योद्धे व हत्ती दोघेही मद्य पितात, असेंही त्यानें तेथेंच लिहिलें आहे. तें वाक्य व्याख्यानांत सहसा येत नाहीं! आपण वाचतों तें बहुधा बीलच्या १८८४ च्या इंग्रजी भाषांतराचें मराठी. साक्षीदाराची भाषा न समजतां आपण त्याची साक्ष काढीत आलों आहों.

यानें काय बिघडतें, तें अजिंठ्याच्या उदाहरणावरून कळेल. राज्याच्या पूर्व सीमेवर, अंधाऱ्या दरींत एक विहार असून त्याच्या दाराच्या दोहों बाजूंस दगडी हत्ती आहेत, असें तो लिहितो. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या पायथ्याशीं तसे हत्ती आजही दिसतात. विहार करविणाऱ्या अर्हताचें नांव त्यानें तीन चिनी अक्षरांनीं लिहिलें आहे: आ-चे-लो. यांतील शेवटच्या अक्षरानें चिनी लेखक संस्कृतांतील ‘र’ही दाखवीत आणि ‘ल’ही. स्वतः ह्युएनत्संगानें नांवाचा अर्थ ‘आचरण’ असा दिला, म्हणजे तें ‘आचार’ मानलें. परंतु सव्विसाव्या लेण्यांतील पांचव्या शतकाच्या शिलालेखांत, बुद्धासाठीं डोंगरांत गृह करविणाऱ्या स्थविर अचलाचा उल्लेख आहे. दोघे एकच असावेत, असें विद्वान मानतात व तें मला पटतें. केवळ चिनी जाणणारा ‘आचारा’शीं थांबला असता, केवळ लेख वाचणाऱ्यास अचलाचें नांव दीड शतकानंतरही लोकांच्या तोंडीं होतें हें कळलें नसतें.

राजधानीचा वाद अद्याप मिटलेला नाहीं. पुलकेशीची राजधानी बदामी. पण ह्युएनत्संगाच्या नगराच्या पश्चिमेस मोठी नदी आहे, आणि तेथून भडोच हजार ली. बदामीस तशी नदी नाहीं, म्हणून फ्लीटनें नाशिक सुचविलें. तें खरें असेल तर आमचें अकोलें व प्रवरेचें खोरें त्या राजधानीपासून दोन-तीन मुक्कामांवर येतें. गांवकऱ्यांस हें रुचेल, पण रुचि म्हणजे प्रमाण नव्हे. ‘ली’ची लांबी चीनमध्येंच काळपरत्वें बदलली आहे, शिवाय भडोचपासून नाशिक या मापानें जवळ पडतें आणि बदामी दूर.

अशा कामास भाषा शिकण्यावांचून गत्यंतर नाहीं, हें पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील पालीचे प्राध्यापक पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनीं ओळखलें होतें. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ संपूर्ण रूपानें त्यांना चिनी भाषांतरांतच उपलब्ध होता. तें वाचून त्यांनीं त्याची बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शीं तुलना केली, आणि १९३७ सालीं ती पुण्यांत छापली गेली. पुढें १९७० मध्यें, जपानी पंडित अकिरा हिराकावा यांच्या साहाय्यानें, ‘समंतपासादिके’च्या चिनी रूपाचें त्यांचें इंग्रजी भाषांतर भांडारकर संस्थेनें प्रसिद्ध केलें.