टेबलावरची तीन हत्यारं: कॉम्प्युटरचा इतिहास नाशिकमधून वाचताना

भारतातल्या कॉम्प्युटरचा इतिहास वाचायला घेतलात की ठरावीक थांबे येतात. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला टिफ्रॅक (१९६०), पुण्याच्या सी-डॅकचा परम ८००० (१९९१), आणि मग सॉफ्टवेअरची निर्यात. हे सगळं महत्त्वाचं आहेच. पण या इतिहासात मशीन कायम नवंकोरं आणि चालू असतं. ते बंद पडल्यावर कोण उघडतं आणि कशाने उघडतं, हे त्यात फारसं येत नाही.

आज आपण दुसऱ्या टोकाने सुरुवात करू, म्हणजे रिपेअरिंगच्या टेबलापासून. नाशिकच्या एमजी रोडवर किंवा तुमच्या गावातल्या कुठल्याही दुकानात जा. टेबलावर साधारण हेच दिसेल: स्टार आणि चपटे स्क्रूड्रायव्हर, नोज प्लायर, कटर, चिमटा, ब्रश, ब्लोअर, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, आणि नेटवर्कच्या वायरीला कनेक्टर लावायचं क्रिम्पिंग टूल. पीसी जोडायचा असो की बिघडलेला दुरुस्त करायचा असो, बहुतेक काम एवढ्यात होतं. यातली तीन हत्यारं घेऊ आणि प्रत्येकाला संशोधक म्हणून एकच प्रश्न विचारू.

१. स्क्रूड्रायव्हर: हा आला कुठून?

मूठ फिरवून त्यावरचं नाव वाचा. बऱ्याचदा 'तापडिया' असतं. ही कंपनी नाशिकचीच, सातपूर एमआयडीसीतली. तिने १९६९ मध्ये एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने हातहत्यारं बनवायला सुरुवात केली. आता साल नीट बघा. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला. म्हणजे हत्यार मशीनच्या बारा वर्षं आधीचं! एमआयडीसीची स्थापना १९६२ ची, ओझरचा एचएएलचा विमान कारखाना १९६४ चा. वायरमन, फिटर, मेकॅनिक यांच्यासाठी घडलेली हत्यारं पुढे जशीच्या तशी कॉम्प्युटरच्या टेबलावर आली. प्रोसेसर आणि मदरबोर्ड बाहेरून आले, पण ते बसवणारा स्क्रूड्रायव्हर सातपूरचा असू शकतो. 'तंत्रज्ञान परदेशातून आलं' हे एका ओळीचं वाक्य इथे अपुरं पडतं.

आता स्क्रूकडे या. कॅबिनेटला आणि साडेतीन इंची हार्ड डिस्कला लागणारा नेहमीचा स्क्रू अमेरिकन इंची मापाचा असतो. जाडी साधारण साडेतीन मिलिमीटर, एका इंचात ३२ आटे. सीडी ड्राइव्ह आणि अडीच इंची डिस्कचा स्क्रू मात्र मेट्रिक, ३ मिलिमीटरचा. बारीक भोकात जाड स्क्रू दाबून फिरवलात तर आटे जातात, आणि जाड भोकात बारीक स्क्रू नुसता खुळखुळतो. भारताने १९५६ मध्ये कायदा करून मेट्रिक पद्धत स्वीकारली, तरी रिपेअरिंग करणाऱ्याच्या डबीत इंच अजून जिवंत आहे. एखादं मानक कागदावर बदलतं कधी आणि हातात बदलतं कधी, यावर एक चांगला शोधनिबंध होऊ शकतो.

ज्याला आपण 'स्टार' म्हणतो तो खरं तर फिलिप्स. हेन्री फिलिप्स यांना त्याची पेटंट्स १९३६ मध्ये मिळाली. जोर जास्त झाला की स्क्रूड्रायव्हर खाचेतून वर निसटतो, आणि 'स्क्रू जास्त आवळला जाऊ नये म्हणून मुद्दाम तसंच बनवलंय' असं सर्रास सांगितलं जातं. पण १९३६ च्या मूळ पेटंटमध्ये हा हेतू दिसत नाही, तो येतो १९४९ च्या सुधारित पेटंटमध्ये. म्हणजे जो दोष होता त्याला पुढे गुण म्हटलं गेलं असण्याची शक्यता आहे. म्हणून ऐकीव गोष्टीवर थांबू नका. मूळ कागद उघडा आणि त्यावरची तारीख बघा.

२. मल्टिमीटर: हा आधी कोणाच्या हातात होता?

पीसी चालूच होत नसेल तर आधी पॉवर सप्लाय तपासतात. मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळ्या वायरीला जोडायची. पंखा फिरला की मल्टिमीटर लावून बघायचं: पिवळ्या वायरीवर १२ व्होल्ट, लाल वायरीवर ५, नारिंगीवर ३.३. दोष कुठे आहे हे पाचेक मिनिटांत कळायला लागतं.

हे यंत्रही कॉम्प्युटरसाठी जन्मलेलं नाही. १९२३ मध्ये बाजारात आलेला ॲव्होमीटर ब्रिटिश टपाल खात्यातल्या डोनाल्ड मॅकॅडी या इंजिनिअरच्या कल्पनेतून आला. टेलिफोनच्या लाइनी तपासताना तीन वेगळी मीटर बाळगायचा त्यांना कंटाळा आला होता.

आपल्याकडे कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्ही 'मोटवाने' नावाचं मीटर पाहिलं असेल. त्यांचा कारखाना नाशिकरोडचा. व्यवसायाची सुरुवात मात्र १९०९ ची, सिंधमधल्या सक्करची. याच कुटुंबाच्या 'शिकागो रेडिओ'चे लाऊडस्पीकर काँग्रेसच्या अधिवेशनांत वाजले. १९४२ च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवाने आरोपी होते, पुढे ते सुटले. एका मीटरचा माग काढत तुम्ही फाळणीपूर्व सिंध, चले जाव चळवळ आणि नाशिकरोड अशा तीन ठिकाणी पोहोचता. संग्रहालयात ठेवण्यासारखी वस्तू, पण पडली असेल कुठेतरी लॅबच्या कपाटात.

अजून एक धागा. १९७८ मध्ये आयबीएम भारतातून बाहेर पडली. तिच्या मशीन्सच्या देखभालीचं काम १९७५ मध्ये स्थापन झालेल्या सीएमसी या सरकारी कंपनीकडे आलं. तिचं मूळ नावच 'कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन'. म्हणजे आपल्या कॉम्प्युटर उद्योगाच्या एका मोठ्या संस्थेची सुरुवातच देखभालीतून झाली. मग प्रश्न असा घ्या: रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे किती हात कॉम्प्युटरकडे वळले, आणि त्यांनी जाताना काय कौशल्य सोबत नेलं? याचं उत्तर माणसांशी बोलूनच मिळेल.

३. सोल्डरिंग आयर्न: हा कधी बदलला आणि का?

कथील आणि शिसं ६३ : ३७ या प्रमाणात मिसळलं की ते १८३ अंश सेल्सिअसला वितळतं. साधा २५ वॅटचा आयर्न त्याला पुरतो. १ जुलै २००६ पासून युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंतल्या शिशावर कडक मर्यादा घातली. जगभरचे कारखाने शिसंविरहित सोल्डरकडे वळले. भारतातही ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले, त्यातही शिशाची मर्यादा आली. नवं सोल्डर साधारण २१७ ते २२० अंशांना वितळतं. कारण योग्यच होतं, शिसं विषारी आहे. पण टेबलावर त्याचा परिणाम असा झाला की साध्या आयर्नवर भागेना. तापमान नियंत्रित करणारं स्टेशन, हॉट एअर गन, भिंग हे सगळं लागायला लागलं. धंद्यात उतरायला लागणारं भांडवल वाढलं.

त्याच सुमारास स्क्रूही बदलले. ॲपलने २००९ पासून पाच पाकळ्यांचा स्क्रू वापरायला सुरुवात केली. तो नेहमीच्या स्टारने उघडत नाही. चिकटवलेली बॅटरी आणि बोर्डवरच सोल्डर केलेली रॅम आली की दुकानदाराला 'नवीन घ्या' म्हणण्यावाचून फारसं उरत नाही. यात दुकानदाराचं पोट आहे आणि गिऱ्हाइकाचा खिसाही आहे. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. हा वाद आता धोरणाच्या पातळीवर आलाय, पण त्यात टेबलामागच्या माणसाचा अनुभव फार कमी नोंदवलेला आहे. ती जागा तुमच्या संशोधनाची असू शकते.

मग सुरुवात कशी कराल?

एक टेबल निवडा. प्रत्येक हत्याराची नोंद करा: नाव, छापलेला मजकूर, माप, झीज, कधी घेतलं, कोणाकडून घेतलं. झीज विसरू नका, कोणतं काम जास्त होतं ते तीच सांगते. मग मालकाशी बोला. आधी परवानगी घ्या, आणि गिऱ्हाइकाच्या वेळेत जाऊ नका! त्यांनी सांगितलेलं पेटंट, कंपन्यांचे वार्षिक अहवाल आणि राजपत्रातले नियम यांच्याशी ताडून पाहा. तापडिया शेअर बाजारात नोंदलेली कंपनी आहे, त्यामुळे तिचे अहवाल कुणालाही वाचता येतात. दोन्हींत फरक सापडला तर खुश व्हा, कारण प्रश्न बहुधा तिथेच असतो.

आणि उशीर करू नका. कागद निदान कपाटात राहतो. जुनं मीटर आणि झिजलेला स्क्रूड्रायव्हर भंगारात किलोवर जातो, आणि ते वापरणारी पिढी आता दुकान मुलाकडे सोपवते आहे.