एका मागावर दोन पाळ्या

२००६ च्या दिवाळीआधी साखर पेठेतल्या आमच्या घरी पोस्टमन एक पुठ्ठ्याचं पाकीट देऊन गेला. वर परदेशी शिक्के, आत पाच सीड्या. पैसे द्यायचेत का, असं बाबांनी दोनदा विचारलं. द्यायचे नव्हते. मार्क शटलवर्थ नावाच्या दक्षिण आफ्रिकन उद्योजकाने २००४ मध्ये उबुंटू हे लिनक्स सुरू केलं होतं आणि कोणीही मागितली की त्याची सीडी फुकट घरपोच यायची. ही सोय पुढे २०११ मध्ये बंद झाली. ‘फुकट’ आणि ‘घरपोच’ हे दोन शब्द एकत्र आले की बाबांना घाम फुटायचा. सुताच्या व्यापाऱ्याचा स्वभाव.

मी अकरावीत होते. घरातला कॉम्प्युटर दुकानाच्या हिशेबासाठी घेतलेला. चाळीस जीबीची डिस्क, तिचे सी आणि डी असे दोन भाग, आणि जोडून देणाऱ्याने ‘टाकून दिलेलं’ विंडोज एक्सपी. ते विकत घ्यायचं असतं हे आम्हाला बरीच वर्षं माहीतच नव्हतं. बाबांची टॅली सी ड्राइव्हवर होती. डी ड्राइव्हवर गाणी, माझे गेम आणि आजोबांची फाईल.

आजोबा लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये विणकाम खात्यात होते. निवृत्तीनंतर त्यांनी दोनशे पानी वहीत गिरणीच्या आठवणी लिहिल्या. पहाटेचा भोंगा, सुताची प्रत, पगाराचा दिवस, संपातले उधारीचे महिने. एका डीटीपीवाल्याकडून आम्ही ती वही टाइप करून घेतली. त्याने सीडी दिली, आमच्या कॉम्प्युटरवर त्याचा मराठी फॉन्ट टाकून दिला, सुरुवातीच्या चौदा पानांची छापील मुद्रितं आजोबांना तपासायला दिली आणि मूळ वही हरवली. म्हणजे त्या आठवणींची एकमेव पूर्ण प्रत आमच्या डी ड्राइव्हवर होती. हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच.

लिनक्सचा जन्मच दुसऱ्या सिस्टिमच्या शेजारी झालेला आहे. हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ च्या जानेवारीत नवीन ३८६ कॉम्प्युटर घेतला आणि त्यावर मिनिक्स ही शिकण्याशिकवण्यासाठी केलेली छोटी सिस्टिम टाकली. २५ ऑगस्टला त्याने इतर मिनिक्सवाल्यांना कळवलं की मी एक सिस्टिम लिहितोय, नुसता छंद आहे. सप्टेंबरमध्ये पहिली आवृत्ती आली, पण ती तयार करायला मिनिक्स लागायचंच. मग एकदा मोडेमला पाठवायचा मजकूर त्याने चुकून डिस्कवरच पाठवला आणि मिनिक्सचा भाग पुसला गेला. पुन्हा मिनिक्स टाकण्याऐवजी त्याने लिनक्सच पूर्ण करायचं ठरवलं. रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाची साधनं १९८४ पासून बनत होती, ती हाताशी होती. १९९२ मध्ये त्याने स्टॉलमनचाच परवाना घेतला: वापरा, उघडून बघा, बदला, पुढे द्या, पण पुढच्यालाही तीच मोकळीक द्या.

आपल्याकडे ते मासिकांतून पोचलं. बेळगावात इंजिनिअरिंग शिकलेले अतुल चिटणीस ‘पीसी क्वेस्ट’शी जोडलेले होते. १९९६ मध्ये या मासिकाने अंकाबरोबर लिनक्सची सीडी द्यायला सुरुवात केली, त्यामागे ते होते. डायलअपच्या दिवसांत शेकडो एमबी उतरवणं म्हणजे चेष्टाच होती, त्यामुळे लिनक्स भारतभर पसरलं ते बुकस्टॉलवरून. माझी सीडी फक्त दहा वर्षं उशिरा आली, एवढंच.

एका रविवारी, लोडशेडिंगचं वेळापत्रक बघून, मी डी ड्राइव्ह आखडता घेतला आणि मोकळ्या जागेत उबुंटू टाकलं. यूपीएस पंधरा मिनिटांचा होता आणि काम पाऊण तासाचं. बाबा खुर्ची घेऊन मागे बसले होते. झालं. मशीन सुरू केल्यावर काळ्या पडद्यावर यादी आली, वर उबुंटू, खाली विंडोज, आणि दहा सेकंदांची उलटी मोजणी. आजोबांनी चष्मा लावून ती वाचली आणि म्हणाले, “म्हणजे एका मागावर दोन पाळ्या. माग तोच, विणणारा वेगळा. एका वेळी एकच.”

ड्युअल बूट याहून सोप्या भाषेत मी अजून ऐकलेलं नाही.

पुढचे काही दिवस मोडेम चालला नाही, एमपी३ वाजली नाहीत. ते ठीक. पण मी हौसेने आजोबांची फाईल उघडली, तर पडद्यावर डॉलरची चिन्हं, कंस, उलटसुलट इंग्रजी अक्षरं. अठ्ठ्याऐंशी पानं सगळी तशीच. आजोबांनी बघितलं, काही बोलले नाहीत. मी निकाल दिला: लिनक्सला मराठी येत नाही. आणि विंडोजमध्ये जाऊन लिनक्सचा भाग उडवून टाकला.

दुसऱ्या दिवशी मशीन सुरूच होईना. ‘एरर १७’ एवढंच. डिस्कच्या सुरुवातीला ५१२ बाइटचा एक कप्पा असतो आणि त्यात सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला जेमतेम ४४६ बाइट मिळतात. तेवढ्या जागेत ग्रब नावाचा तो दारवान मावत नाही, म्हणून तो स्वतःचं बाकीचं सामान लिनक्सच्या भागात ठेवतो. ते घरच मी पाडलं होतं. विंडोज आत सुखरूप होतं, पण दार उघडायला कुणी नव्हतं. एक्सपीच्या सीडीवरून एका आज्ञेत हे दुरुस्त होतं, हे मला नंतर कळलं. बाबांनी बोलावलेल्या माणसाने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला. टॅलीचा बॅकअप फ्लॉपीवर होता, म्हणून मी वाचले.

डी ड्राइव्हला धक्का लागला नव्हता. फाईल उघडली. विंडोजमध्ये. डॉलर, कंस, उलटसुलट इंग्रजी. फॉन्ट सीवर होता, तो फॉरमॅटमध्ये गेला. डीटीपीवाला दुकान बंद करून पुण्याला गेला होता.

मराठी लिनक्सला येत नव्हती असं नव्हतं. त्या फाईलमध्ये मराठी नव्हतीच. होते ते २५६ आकड्यांपैकी काही आकडे, आणि त्या आकड्यांवर देवनागरीचे तुकडे रंगवलेला एक फॉन्ट. मुखवटा काढला की आत इंग्रजी. त्या काळचं बहुतेक मराठी डीटीपी असंच चालायचं, आणि प्रत्येक कंपनीची तुकड्यांची मांडणी निराळी.

प्रमाण नव्हतं असंही नाही. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्टचं काम १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं, १९९१ मध्ये इस्की हे भारतीय प्रमाण ठरलं. त्यात क म्हणजे क, तो कसा दिसतो हा फॉन्टचा प्रश्न. युनिकोडने देवनागरीचा कप्पा इस्कीच्याच आधीच्या मसुद्यावरून घेतला. पण छपाईवाल्याला कागदावर दिसण्याशी मतलब होता, आत काय साठतंय याच्याशी नाही. त्याला दोष तरी काय द्यायचा?

मी दुसऱ्या सीडीवरून उबुंटू पुन्हा टाकलं. या वेळी कारण होतं: मजकूर कापून बदलणारी सेडसारखी साधनं त्यात आयती मिळतात. आणि माझ्याकडे आजोबांच्या तांबड्या खुणांची चौदा पानं होती. एका बाजूला छापील मराठी, दुसऱ्या बाजूला तीच डॉलर-कंसांची पानं. कोणतं चिन्ह म्हणजे काय, याचा तक्ता करायचा.

वाटलं होतं आठवडा लागेल. ‘ग’ हे अक्षर फाईलमध्ये नव्हतंच. अर्धा ग होता आणि शेजारी सुटा काना, शिशाच्या खिळ्यांच्या जुळणीसारखा. पहिली वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून फाईलमध्ये अक्षराच्या आधी, युनिकोडमध्ये तोंडाने नंतर उच्चारतो म्हणून नंतर. रफाराचं बरोबर उलटं. ‘सूर्य’मधला र आपण य च्या आधी म्हणतो, पण डीटीपीवाला तो शेवटी डोक्यावर ठेवतो. म्हणजे नुसतं चिन्हाला चिन्ह बदलून भागत नाही, क्रमही फिरवावा लागतो. वर्षभर शनिवार-रविवार त्यात गेले. बारावीच्या मार्कांबद्दल इथे लिहीत नाही.

पहिलं अख्खं प्रकरण आजोबांना दाखवलं तर ते ‘गिऱ्हाईक’पाशी अडले. माझ्या तक्त्याने तिथे ह च्या डोक्यावर रफार चढवला होता. “हे लिहिणारा मराठी शाळेत गेलेला दिसत नाही,” आजोबा म्हणाले. मराठीच्या या अर्ध्या र साठी युनिकोडमध्ये नुक्त्याचा ऱ वापरावा लागतो. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्ट दाबून जे. एका कळीसाठी तीन दिवस. ‘ॲ’ला तर तोवर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागाच नव्हती, ती २००८ मध्ये मिळाली. आजोबांनी ‘ॲप्रेंटिस’ पुष्कळदा लिहिलं होतं, आणि आमच्या फाईलमध्ये आजही ते दोन तऱ्हांनी आहे.

मजकूर तयार झाल्यावर मी तो दोन्ही पाळ्यांत उघडून बघायचे. विंडोजमध्ये ‘मंगल’ फॉन्ट. लिनक्समध्ये ‘लोहित’, जो पुण्यात तयार झाला आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुला केला, नाहीतर ‘रघु’. मंगल आणि रघु दोन्ही एकाच माणसाचे, सुलेखनकार र. कृ. जोशींचे: एक मायक्रोसॉफ्टसाठी, दुसरा मुंबईच्या एनसीएसटीत, मुक्त परवान्याखाली. ते २००८ मध्ये गेले. आमच्या डिस्कवर दहा सेकंदांची ती यादी दोन जगांची वाटायची, आणि दोन्हीकडे अक्षर एकाच हातचं!

तुम्ही हे फोनवर वाचत असाल आणि तो अँड्रॉइड असेल, तर तळाशी लिनक्सचा गाभा आहे. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठीच्या जागी चौकोन दिसायचे. आता जोडाक्षरं जुळवणारा हार्फबझ हा प्रोग्रॅमही मुक्तच आहे. पूर्वी लिनक्समध्ये वेगवेगळी ॲप हे जुळवण्याचं काम वेगवेगळ्या पद्धतींनी करायची, आणि ‘गिऱ्हाईक’ एका खिडकीत बरोबर तर दुसरीत चूक दिसायचं.

आजोबांनी २००८ च्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत शेवटचं पान तपासलं. आता ती फाईल आमच्या सगळ्या चुलत-मावस भावंडांच्या फोनवर आहे. ‘भोंगा’ शोधलं की एकेचाळीस ठिकाणी सापडतो. तेवीस शब्द मात्र अजून लागलेले नाहीत. चौदा पानांत कधीच न आलेली चिन्हं आहेत त्यांत. त्यातले बरेचसे मागाच्या भागांची नावं असावीत, असं आजोबा म्हणाले होते. काही त्यांनी आठवून सांगितली, बाकीची त्यांनाही आठवली नाहीत. त्या जागी मी मूळ डॉलर आणि कंस तसेच ठेवलेत.